टक्के लिहिण्याआधी दुखणे विचारा

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दिव्यांगत्वाची तपासणी करून घेणाऱ्या तरुणाच्या हाती अखेरीस एक आकडा पडतो. सांधा किती वाकतो, स्नायूंत बळ किती उरले आहे, तोल सांभाळता येतो का, हे पाहून तज्ज्ञ डॉक्टर टक्केवारी ठरवतात. ४० टक्क्यांखाली असेल तर वैश्विक ओळखपत्र पांढरे, ४० ते ७९ पर्यंत पिवळे, ८० पासून पुढे निळे. शिष्यवृत्ती, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, उच्च शिक्षणातले ५ टक्के आणि सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण या सगळ्यांची वाट त्या आकड्यावरून जाते. आकडा गरजेचा आहे, याबद्दल वाद नाही. पण या तरुणाला रोज दुखते का, सलग किती वेळ बसता येते, रात्री कितीदा जाग येते, दुखण्यापायी महिन्यात किती तास बुडतात, यातले काहीही त्या कागदावर नसते. शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींच्या आयुष्यातले कायमचे दुखणे ही अपंगत्वाहून वेगळी गोष्ट आहे. ती विचारता येते, नोंदवता येते आणि पुष्कळदा कमीही करता येते. तरीही आपण ती अपंगत्वातच गृहीत धरतो, आणि या गृहीत धरण्याने कित्येकांचे शिक्षण व रोजगार अडतो. म्हणून प्रमाणपत्राच्या तपासणीत, शाळेत आणि महाविद्यालयात दुखण्याची चौकशी नेमाने व्हायला हवी, अशी या लेखाची मागणी आहे.

या मागणीला भक्कम आधार आहे. लहानपणापासूनच्या शारीरिक अपंगत्वात सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचे, प्रमाण सर्वाधिक, त्यामुळे दुखण्याचा अभ्यासही या मुलांमध्ये सर्वांत जास्त झाला. युरोपातल्या नऊ प्रदेशांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या १३ ते १७ वयाच्या ६६७ जणांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना स्वतः उत्तरे देता येत होती, त्यांच्यात मागच्या आठवड्यात दुखल्याचे प्रमाण ७४ टक्के निघाले. त्याच वर्षी कॅनडातल्या एका अभ्यासात ३ ते १९ वयाच्या २५२ जणांपैकी सुमारे ५५ टक्के जणांना काही ना काही दुखत असल्याचे आढळले. दुखण्यामुळे रोजची कामे अडतात, असे जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या पालकांनी सांगितले. डॉक्टरांना विचारले तेव्हा मात्र दुखणे असलेली मुले त्यांच्या मते ३९ टक्क्यांच्या आसपासच होती. घरच्यांना दिसणारे आणि तपासणाऱ्याला दिसणारे यांतले हे अंतर नजरेआड करण्यासारखे नाही. जिथे प्रत्येक मुलामागे डॉक्टरला पुरेसा वेळ असतो, तिथे हे अंतर इतके असेल, तर बाह्यरुग्ण विभागात मिनिटांच्या हिशेबाने रुग्ण तपासणाऱ्या आपल्या व्यवस्थेत ते कमी असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

दुखणे कुठून येते, हे पाहिले की ते अपंगत्वाहून वेगळे का मोजावे लागते, हेही कळते. सेरेब्रल पाल्सीत ताठरलेले स्नायू वर्षानुवर्षे हाडांना ओढत राहतात. त्यातून खुबा हळूहळू जागचा सरकतो, पाठीला बाक येतो, पायात वांब येतात. कुबड्यांवर चालणाऱ्याचा सगळा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो. पायांपेक्षा त्याचे खांदेच आधी ठणकू लागतात. वाढत्या वयात कॅलिपर लहान पडला की तो घोट्याशी काचतो. स्नायूंचा क्षय होत जाणाऱ्या मुलाला झोपेत कूस बदलता येत नाही, त्यामुळे एकाच अंगावर पडून राहिल्याने रात्रभर अंग दुखते आणि त्याच्यासोबत घरचेही जागे राहतात. हिमोफिलियात सांध्यात रक्त उतरून गुडघा सुजतो. २०१६ च्या कायद्याने हा आजारही दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतला आहे. ६० टक्के दिव्यांगत्व असलेले दोन तरुण घेतले, तर त्यातला एक न दुखता पाच तास काम करू शकेल आणि दुसऱ्याला तासाभरात आडवे व्हावे लागेल. दोघांचे ओळखपत्र पिवळेच असेल. रोज काय जमेल हे पुष्कळ वेळा टक्क्यांपेक्षा दुखणेच ठरवते. झोप मोडली की लक्ष लागत नाही, लक्ष लागले नाही की अभ्यास मागे पडतो, दिवस बुडाले की शिक्षक व मित्र दुरावतात. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन मानते, आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात त्याला स्वतःचे स्थान मिळाले आहे. तपासणी कक्षात मात्र ते अजून आजाराच्या सावलीतच आहे.

मग इतकी वर्षे कुणी विचारले का नाही? पहिले कारण म्हणजे आपली समजूत. पाय अधू आहे म्हणजे दुखणारच, असे घरचेही धरून चालतात आणि डॉक्टरही. दुसरे कारण मुलाच्या बाजूचे आहे. जन्मापासून ज्याचा खुबा दुखतो, त्याने न दुखणारे शरीर कधी अनुभवलेलेच नसते. त्यामुळे तो तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असा अर्थ आपण लावतो. घरात आधीच खर्चाची ओढाताण असेल, आईचा रोजगार आपल्यामुळे बुडतो हे मुलाला कळत असेल, तर तो दुखणे गिळायला शिकतो. तिसरे कारण बोलू न शकणाऱ्या मुलांचे. त्यांचे रडणे, जेवण नाकारणे, अंग आखडून घेणे हे हट्टात जमा होते. वैद्यकशास्त्राचाही या बाबतीतला इतिहास अभिमानाचा नाही. नवजात बाळांना मोठ्यांसारख्या वेदना होत नाहीत, या समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लॅन्सेटमध्ये पुरावे मांडले, त्यानंतर ही रीत बदलू लागली. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस सांगतो त्या दुखण्याचा मान राखावा आणि बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे असे मानू नये, हे स्पष्ट लिहिले. आपल्या तपासणीच्या पद्धतीत हे तत्त्व अजून उतरलेले नाही.

टक्केवारीच्या पद्धतीत दुखण्याला अजिबात जागा नव्हती, असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत पायाच्या अपंगत्वासाठी दुखण्याचे जादा गुण दिले होते. सौम्य दुखण्याला ३, मध्यमला ६ आणि हालचालींत मोठा अडथळा आणणाऱ्या तीव्र दुखण्याला ९. म्हणजे दुखण्याने माणसाचे काम थांबते, हे सरकारी कागदाने पाव शतकापूर्वीच मान्य केले होते. पण गुण मिळून ते एकूण बेरजेत मिसळले की दुखणे पुन्हा अदृश्य झाले. मोजणीचा कणा हालचाल, ताकद आणि स्थैर्य हाच राहिला. हे गुण वाढवून मिळावेत, असे माझे म्हणणे नाही. एकच आकडा शरीराची रचनाही सांगेल आणि रोजची क्षमताही सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही अलीकडे हेच बजावले आहे. हाताला वांब येऊन लिहिणे थांबणाऱ्या विकासकुमार या परीक्षार्थीला ४० टक्क्यांच्या अटीमुळे लेखनिक नाकारला गेला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ती अट गैरलागू ठरवली, आणि पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवारांसाठीही लेखनिक व जादा वेळेची तरतूद केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला. तेव्हा निव्वळ टक्केवारीवरून कुणालाही अपात्र ठरवता येणार नाही, तो ते शिक्षण घेऊ शकतो का हे तपासावे लागेल, असा निकाल लागला. कायदा आकड्याकडून क्षमतेकडे सरकला आहे. क्षमतेची चौकशी करायची, तर दुखण्याला वगळून ती होऊच शकत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर दुखण्यात भर घालणाऱ्या गोष्टी रोजच्या रस्त्यावर उभ्या आहेत. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, सोयगावहून शहरात शिकायला किंवा तपासायला येणाऱ्या दिव्यांगाला एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पण बसची पहिली पायरी तितकीच उंच राहते, आणि ती चढताना सरकलेल्या खुब्यावर पडणारा ताण त्या दिवसाचे उरलेले तास खाऊन टाकतो. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, बाकाला पाठ नाही, प्रयोगशाळेत उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही, ही बहुतेक शाळा-महाविद्यालयांची स्थिती आहे. स्वच्छतागृहात व्हीलचेअर जात नाही किंवा पकडायला दांडी नसते, म्हणून कित्येक मुलेमुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचे विकार होतात. कॅनडाच्या अभ्यासात डॉक्टरांनी दुखण्याची जी मुख्य कारणे सांगितली, त्यांत निखळलेल्या खुब्याच्या आणि स्नायूंच्या अनैच्छिक पिळाच्या जोडीला बद्धकोष्ठही होते. म्हणजे शाळेच्या स्वच्छतागृहाची रुंदी हा मुलाच्या पोटदुखीचा प्रश्न आहे. शिबिरात मिळणारी व्हीलचेअर मापाची नसेल तर पाठ आणि मांड्या दुखतात; जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच खुर्ची माणसाच्या मापाने बसवून द्यावी, असे सांगितले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी बिकट. हंगामात सहा महिने मूल एकतर फडावर असते किंवा गावी आजी-आजोबांपाशी, आणि दोन्हीकडे व्यायाम व उपचार तुटतात. सार्वजनिक जागा सुगम करण्याचे किमान नियम बंधनकारक असलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. त्या निकालाची अंमलबजावणी हा दुखण्यावरचाही उपचार आहे.

मुलींच्या बाबतीत हे सगळे आणखी दडपले जाते. मासिक पाळीच्या दिवसांत खुबा आणि कंबर यांच्या दुखण्यात भर पडते, स्वच्छतागृहाची अडचण दुप्पट होते, आणि याबद्दल बोलायला घरात आईखेरीज कुणी नसते. अपंग मुलीच्या लग्नाची चिंता वाहणारे घर तिच्या दुखण्याची वाच्यता होऊ देत नाही. तपासणीच्या खोलीत पुरुष डॉक्टर, पुरुष फिजिओथेरपिस्ट आणि सोबत वडील किंवा भाऊ असतील, तर ती काय सांगणार? शाळा सुटण्याचे कारण म्हणून पटावर काहीही लिहिले जाते. दुखते म्हणून सुटली, असे कुणी लिहीत नाही. त्यामुळे चौकशी करायची ठरवली, तर मुलींना एका स्त्री कर्मचाऱ्याने, एकांतात, स्वतंत्र विचारावे ही अट तिच्यात पहिल्यापासून हवी.

दुखणे टाळता येते, याचे सर्वांत ठळक उदाहरण खुब्याचे आहे. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सेरेब्रल पाल्सीच्या प्रत्येक मुलाची ठरावीक काळाने तपासणी आणि खुब्याचा एक्स-रे असा कार्यक्रम सुरू झाला. त्याआधीच्या मुलांत शंभरातल्या आठ-नऊ जणांचा खुबा पूर्ण निखळत असे. कार्यक्रमातल्या मुलांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले. कारण साधे आहे. खुबा सरकू लागतो तेव्हा तो सहसा दुखत नाही, आणि दुखू लागतो तोवर उशीर झालेला असतो. वेळेत एक्स-रे काढला, तर लहान शस्त्रक्रियेवर भागते. भारतातही सेरेब्रल पाल्सीवर काम करणारी अकादमी आणि मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना यांनी २०२२ मध्ये खुब्याच्या देखरेखीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. एक्स-रेचे यंत्र उपजिल्हा रुग्णालयांतही असते. उणीव आहे ती मूल नेमाने तिथवर पोहोचवण्याची. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. जन्मजात व्यंग आणि वाढीतील विलंब शोधणे हे त्यांचे कामच आहे. त्यांच्या तपासणी कार्डावर दुखण्याचे तीन प्रश्न आणि खुब्याच्या एक्स-रेच्या तारखेचा एक रकाना वाढवला, तरी सुरुवात होईल.

एकदा जडलेले दुखणेही नशिबावर सोडावे लागत नाही. मुलांच्या दीर्घकालीन दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अखेरीस सूचना काढल्या. त्यांचे सार असे, की शारीरिक उपचार, मानसोपचार आणि औषधे या तिन्हींचा एकत्र विचार करावा, आणि यशाचे माप मुलाच्या जगण्यात शोधावे. तो झोपतो का, शाळेत जातो का, खेळतो का? मापाची खुर्ची, रात्री वापरायचा स्प्लिंट, ताठरपणा कमी करणारे औषध, भार वाटून घेणारी कुबडी, कामाची आणि विश्रांतीची आखलेली पाळी, दुखण्याच्या भीतीवर मात करायला शिकवणारे समुपदेशन, असे हे उपचार आहेत. छत्रपती संभाजीनगरमध्ये यासाठी लागणारी बहुतेक माणसे आहेत. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग, बालरोग आणि मनोविकार हे विभाग एकाच आवारात आहेत. एमजीएमचे फिजिओथेरपी महाविद्यालय शहरात आहे. १९८९ पासून काम करणारे डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे. वानवा आहे ती व्यवसायोपचार तज्ज्ञांची, म्हणजे रोजची कामे जमवून देणाऱ्या थेरपिस्टची. त्यांचे जुने सरकारी व महापालिकेचे अभ्यासक्रम मुंबई आणि नागपुरात आहेत, आणि मराठवाड्याने या शिक्षणाची मागणी लावून धरायला हवी. तोवर महिन्यातून एक दिवस हे सगळे तज्ज्ञ एका खोलीत बसले, तरी आज चार खिडक्यांवर विखुरलेला रुग्ण एका ठिकाणी तपासला जाईल. दुखणाऱ्या शरीराने चार रांगांत उभे राहावे लागणे ही स्वतःच एक इजा आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो लबाडीचा. दुखणे दिसत नाही, ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. राज्यात खोट्या प्रमाणपत्रांचा बोभाटा झाला आहे, २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांचे प्रकरण देशभर गाजले. मग दुखण्याला कागदावर जागा दिली तर खोटेपणाला नवे दार उघडेल. ही भीती निराधार नाही, खोट्या प्रमाणपत्रांनी सर्वांत मोठे नुकसान खऱ्या दिव्यांगांचेच केले आहे. पण दुखण्याची नोंद टक्केवारीला जोडायचीच नाही. तिच्यामुळे ओळखपत्राचा रंग बदलणार नाही की अनुदान वाढणार नाही. तिच्यातून मिळेल ते उपचाराची चिठ्ठी, परीक्षेत मधली विश्रांती, तळमजल्यावरचा वर्ग. या गोष्टींसाठी खोटे बोलून कुणाच्या पदरात फारसे काही पडत नाही. शिवाय एका दिवसाच्या सांगण्यावर विसंबायचे कारण नाही. किती वेळ बसता आले, किती रात्री झोप मोडली, किती दिवस बुडाले, ही माहिती शाळेच्या पटावरून आणि घरच्यांकडून पडताळता येते. लबाडांच्या भीतीने सगळ्यांवर अविश्वास दाखवण्याची किंमत आजवर ज्यांनी मोजली, ती मुलेच आहेत.

दुसरा आक्षेप घाटीवरच्या ताणाचा. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांखेरीज जळगाव, बुलढाणा, अहिल्यानगरच्या भागांतूनही रुग्ण इथे येतात. खाटा आणि मनुष्यबळ कायम अपुरे. अशा ठिकाणी दुखण्याचे प्रश्न विचारत बसायला कुणाला वेळ आहे? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच चौकशी शक्य तितकी शाळेत आणि तालुक्याला व्हावी. दुखते का, कुठे, आणि त्यामुळे कालच्या दिवसात काय करायचे राहिले, हे तीन प्रश्न परिचारिका किंवा शिक्षकही विचारू शकतात. खर्चाचा हिशेब करायचा, तर आजचा खर्चही धरावा लागेल. निखळलेल्या खुब्याची मोठी शस्त्रक्रिया, मुलाला उचलून वारंवार शहरात येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी, शाळा सोडलेल्या तरुणाची पुढची चाळीस वर्षे, हे सगळे आपण आत्ताच भरतो आहोत. फक्त ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा आहे. दुखण्याबद्दल सतत बोलले की मूल दुबळे होते, दुखण्याकडेच त्याचे ध्यान लागते, आणि घरचे त्याला काहीच करू देत नाहीत, असे अनेक पालक व प्रशिक्षक मानतात. वेदनेचे शास्त्रही काही अंशी त्यांच्या बाजूने आहे. दुखण्याच्या भीतीने हालचाल टाळली, तर सांधे आखडतात, बळ कमी होते आणि दुखणे वाढते. पण यातून निष्कर्ष न विचारण्याचा निघत नाही. नीट विचारण्याचा निघतो. किती दुखते हे उगाळत न बसता, काय करायचे राहिले आणि ते कसे जमवू, याकडे बोलणे न्यायचे. ज्याचे दुखणे कुणी ऐकून घेतलेले नाही, त्याला धीर धर म्हणणे म्हणजे त्याला एकटे टाकणे आहे. ज्याच्या दुखण्यावर उपाय चालू आहे, त्याला आज थोडे अधिक चालून पाहू, असे हक्काने म्हणता येते. मुलाला घरी बसवणे आणि मुलाला सोसायला लावणे या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

चौथा आक्षेप दिव्यांग हक्कांच्या चळवळीतून येऊ शकतो, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. अपंगत्व हा शरीराचा दोष आहे, असे मानून माणसाला आयुष्यभर रुग्ण ठरवले गेले. चळवळीने अडथळा शरीरात नसून जिन्यात, दारात आणि नियमांत आहे, हे समाजाला शिकवले. आता पुन्हा डॉक्टर, औषध, दुखणे यांची चर्चा सुरू केली, तर रॅम्पची मागणी मागे पडेल, अशी शंका रास्त आहे. पण रॅम्प झाला तरी ज्याचा खांदा रात्रभर ठणकतो, तो सकाळी त्या रॅम्पवर येणारच नाही. उलट दुखण्याची नोंद ही रॅम्पच्या मागणीचा सर्वांत सबळ पुरावा ठरेल, कारण कोणता जिना किती मुलांचे दिवस बुडवतो, हे तिच्यातून कागदावर येईल. २०१६ च्या कायद्यातच दोन्ही गोष्टी शेजारी आहेत. कलम २५ आरोग्यसेवेत दिव्यांगांना अडथळामुक्त प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य देते, आणि वाजवी सोयी न पुरवणे हा भेदभाव ठरवते ते याच कायद्यातले कलम २. हक्क आणि उपचार यांत निवड करायला कायद्याने सांगितलेले नाही.

तेव्हा करायचे काय, हे स्पष्ट आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्या विभागाने आता प्रमाणपत्राच्या तपासणीसोबत दुखणे आणि रोजची कामे यांचा एक स्वतंत्र, गोपनीय तक्ता लागू करावा आणि घाटीपासून सुरुवात करावी. महापालिका आणि जिल्हा परिषदेने दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीतून शाळांची स्वच्छतागृहे, तळमजल्यावरचे वर्ग आणि मापाच्या खुर्च्या यांना पहिला क्रम द्यावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने दुखण्यामुळे बुडालेल्या दिवसांसाठी हजेरीच्या अटीत सवलत आणि परीक्षेत उठून अंग मोकळे करण्याची मुभा लेखी नियमात आणावी, म्हणजे विद्यार्थ्याला दरवेळी प्राचार्यांच्या मर्जीवर राहावे लागणार नाही. आणि हे सगळे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्या पालकांच्या घरात, ज्या शिक्षकांच्या वर्गात असे मूल आहे, त्यांनी आजच त्याला विचारावे, की कुठे दुखते आणि त्यापायी काय राहून जाते. उत्तर आले की ते तारखेनिशी लिहून ठेवावे आणि पुढच्या तपासणीला जाताना तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून त्यावर उपचार मागावा. तो मागण्याचा अधिकार कायद्याने आधीच दिलेला आहे.